मास्तरीणबाईंचं स्वादुपिंड

आमच्या शहरात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना माझ्या सासूबाईंनी शिकवलंय. उरलेले निम्मे कोण, ते त्यांच्या पार्किंगवरून कळतं, असं त्या म्हणतात.

नवरा अकाली गेला तेव्हा मुलगी लहान होती आणि घरात कमाईला लावण्याजोगी वस्तू एकच होती, गाडी. सासूबाईंनी गॅरेजवाल्याला गाठून शेजारच्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला, टपावर पाटी लावली आणि ड्रायव्हिंग स्कूल सुरू केलं. तेव्हापासून सगळं शहर त्यांना मास्तरीणबाई म्हणतं. मीही म्हणायचो. मी त्यांच्याकडे शिकायला गेलो, रिव्हर्स काही मला धड जमला नाही, पण स्कूलमध्ये फोन घेणारी त्यांची मुलगी मला मिळाली. त्यामुळे जावयाचा मान वगैरे माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. मी त्यांच्या लेखी अजून कच्चा विद्यार्थी. माझ्या गाडीत बसल्या की पाय आपोआप पुढे जातो आणि तिथे ब्रेक नाही म्हणून चडफडतात.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सकाळचे दोन विद्यार्थी त्यांनी सोडले नव्हते. त्यातला एक गाणं शिकवणारा गृहस्थ होता. आवाज खडा, पण स्टिअरिंगवर बसला की घामाघूम. एके दिवशी चौकात गाडी थांबली होती.

"आरशात मागचा रस्ता दिसतोय का?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसतोय. आणि तुम्हीही दिसताय. बाई, तुमचे डोळे पिवळे झालेत."

"सिग्नल पिवळा झालाय. ब्रेक दाबून ठेव."

"सिग्नल लाल आहे, बाई. डोळेच पिवळे आहेत."

तो हकिगत सांगताना अजून म्हणतो, की मास्तरीणबाईंना उलट उत्तर दिलं आणि वर बरोबर निघालं, असं आयुष्यात एकदाच झालं.

घरी आल्यावर बायकोने त्यांना खिडकीपाशी नेऊन डोळे बघितले. मग एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. अंगाला खाज सुटत होती, ती म्हणे नव्या साबणाने. लघवी गडद होत होती, ती म्हणे पाणी कमी प्यायल्याने. कपडे ढगळ झाले होते, त्यावर तर त्या खूशच होत्या. दुखत मात्र काहीच नव्हतं. "दुखत नाही तर डॉक्टरला दाखवू काय?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या डोक्याशी एक छोटी गाठ होती आणि ती पित्ताच्या नळीला दाबत होती. तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी त्या नळीत एक बारीक नळी बसवली आणि गाठीचा कणभर तुकडा तपासायला काढून घेतला. नळीने खाज दोन-चार दिवसांत गेली. तुकड्याने जे सांगितलं ते आमच्यातल्या कुणालाच ऐकायचं नव्हतं. कॅन्सर होता.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या. कमी बोलणाऱ्या, केस मागे घट्ट बांधलेले, टेबलावर एका बशीत चुरगळलेल्या चॉकलेटच्या चांद्या. आम्ही तिघं समोर बसलो. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. कुठला भाग कापणार, स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, आणि उरलेलं पुन्हा कसं जोडणार, ते दाखवलं.

सासूबाईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे एवढं सगळं इंजिन खाली उतरवायचं, एका नटासाठी."

"नट वाईट जागी बसलाय," डॉक्टर म्हणाल्या.

"तुम्ही अशी ऑपरेशनं नेहमी करता?"

"जवळजवळ दर आठवड्याला. आमची सगळी टीम हेच करते."

"बरं. माझ्या वयाच्या माणसाचं काय होतं, ते सांगा. गोड गोड नको."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पन्नाशीतल्या माणसापेक्षा तुम्हाला धोका जास्त आहे. काही थोडे जण इथून घरी जातच नाहीत. बऱ्याच जणांना नंतर काही ना काही त्रास होतो. जोड गळतो, पोट काम करेनासं होतं, काही दिवस डोक्यात गोंधळ होतो. जे सावरतात त्यांनाही ताकद परत यायला महिनेच्या महिने लागतात. आणि सगळं उत्तम झालं तरी हा आजार परत येऊ शकतो, अनेकदा येतो. पण गाठ लहान आहे, मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. पुरता निघून जाण्याची काही आशा असेल तर ती ह्याच वाटेवर आहे."

"आणि नाही केलं तर?"

"कावीळ नळीने ताब्यात राहील. सौम्य औषधं देता येतील. दिवस मोजके, पण ते घरचे. तो निर्णयही चुकीचा नाही."

माझी बायको म्हणाली, "पण डॉक्टर, अठ्ठ्याहत्तर वय म्हणजे..."

"वय मी बघते," डॉक्टर म्हणाल्या, "पण आधी माणूस बघते. ह्यांना आमच्या वयस्कांच्या डॉक्टरांकडे पाठवते. ते काय म्हणतात त्यावर ठरवू."

हे वयस्कांचे डॉक्टर स्वतः अगदी कोवळे दिसत होते. त्यांनी सासूबाईंना हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला लावलं, परत बसायला लावलं, व्हरांड्यात चालवलं, एका यंत्राची मूठ आवळायला दिली, थोडी आकडेमोड विचारली. डोकं तल्लख निघालं, हृदय ठणठणीत. मूठ तर अशी निघाली की डॉक्टरांनी यंत्र बरोबर आहे ना, ते तपासलं. पाय मात्र नापास झाले.

"तुम्ही चालत नाही का?"

"मी चालायला लागले तर गाडी कोण शिकवणार?"

आयुष्यभर गाडीत बसून मांड्यांची पार कापसाची गादी झाली होती. डॉक्टर म्हणाले, कावीळ उतरायला काही आठवडे लागणारच आहेत, तेवढ्यात पाय कमवा. रोज चालायचं, खुर्चीतून उठबस करायची, प्रत्येक जेवणात अंडी, मासे, दूध, कडधान्य, आणि एका प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढून आतले चेंडू वर उचलायचे.

इथे मावशींची गोष्ट सांगायला हवी. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, वय त्र्याहत्तर, आणि सासूबाई त्यांना अजून 'बबडे' म्हणून हाक मारतात. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि एकमेकींशी पटतही नाही. ऑपरेशनचं कळताच मावशी तणतणत आल्या.

"ताई, ह्या वयात कशाला ती चिरफाड? गप घरी राहा. मी येऊन राहते."

"तू येऊन राहणार असशील तर मी आजच्या आज टेबलावर झोपते."

"थट्टा नको. तुझं काही बरंवाईट झालं तर?"

"न करताही होणारच आहे की. बबडे, मला अजून चालवायचंय. वळण कसं निघतं ते बघू तरी. आणि नाही निघालं, तर ठरवलं मी होतं, हे लक्षात ठेव. माझ्या पोरीला बोल लावायचा नाही."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालायचे बूट घालून दारात हजर झाल्या. "एकटी कुठे पडलीस-झडलीस तर," म्हणाल्या.

ते चालणं म्हणजे रोजची करमणूक होती. मास्तरीणबाई पायी निघाल्यात हे दृश्य शहराने पाहिलंच नव्हतं. दर शंभर पावलांवर कुणीतरी जुना विद्यार्थी गाडी थांबवायचा. "बाई, गाडी बंद पडली का? बसा, सोडतो." पहिले काही दिवस त्या समजावून सांगत राहिल्या. मग कंटाळून म्हणायला लागल्या, "इथे थांबायला बंदी आहे. पाटी दिसत नाही?" विद्यार्थी भर्रकन पसार. मावशी म्हणायच्या, "लोक प्रेमाने थांबतात, ताई." "प्रेमाने थांबतात, पण इंडिकेटर न देता थांबतात."

पाय पास झाले. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही त्यांना ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सोडलं. बायकोचा हात त्यांनी घट्ट धरला होता. भीती वाटत होती, हे त्यांनी तेवढं एकदाच कबूल केलं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "गाडी नीट चालवा. घाई नाही."

दिवस लांबच लांब गेला. प्रतीक्षालयात एकही मासा नसलेली माशांची टाकी होती, तिच्यातले बुडबुडे बघत आम्ही बसून राहिलो. मावशींनी आणलेले सँडविच कुणी खाल्ले नाहीत आणि शेवटी सगळे मीच खाल्ले. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. "निघालं," म्हणाल्या. "रक्तही फारसं गेलं नाही. आता पुढचे दिवस त्यांचे." आमचा जीव भांड्यात पडला, पण झाकण काही बसेना.

आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जवळजवळ सगळं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आयसीयूत गेलो तर सासूबाई नर्सवर ओरडत होत्या, "क्लच! अगं, क्लच दाब!" चादरीखालून उजवा पाय सटासट ब्रेक मारत होता. हातातल्या नळ्या उपटायला बघत होत्या. माझ्या बायकोने "आई" म्हणून हाक मारली तर तिला म्हणाल्या, "तुझा नंबर उद्या. मागे बस." बायको बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. मलाही हसू आणि रडू एकदमच फुटलं. कोवळे डॉक्टर म्हणाले, मोठ्या ऑपरेशननंतर वयस्क माणसांना असा भ्रम होतो, बहुतेकांचा उतरतो. चष्मा द्या, कानातलं यंत्र लावा, दिवसा पडदे उघडे ठेवा, ओळखीच्या माणसाने शेजारी बसून शांतपणे बोला.

चष्मा आणि कानाचं यंत्र आमच्याच पिशवीत राहिलं होतं. मावशींनी ते लावलं आणि खुर्ची ओढून पलंगाला खेटून बसल्या. वाद घातला नाही, ही गाडी नाही असंही म्हणाल्या नाहीत.

"ताई, मी आलेय शिकायला."

सासूबाईंनी चष्म्यातून नीट बघितलं. "बबडे? तू तर म्हणाली होतीस, तुझ्याकडून मेले तरी शिकणार नाही."

"म्हणाले होते. आता सांग, आधी काय करायचं?"

"आधी सीट पुढे घे."

मावशींनी खुर्ची पुढे सरकवली. मग आरसा, मग पट्टा, मग चावी. सगळी दुपार त्या दोघी कुठल्याशा रस्त्याने निघाल्या होत्या, आणि सासूबाईंचा आवाज हळूहळू खाली येत गेला. शेवटी "आता सरळ रस्ता आहे, ने तूच," म्हणून त्या झोपल्या. असं तीन दुपारी चाललं. चौथ्या दुपारी मावशी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज कुठे जायचं?" तर सासूबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "कुठे म्हणजे? वेड लागलं का तुला? मी हॉस्पिटलात आहे." मावशी इतक्या आनंदाने ओरडल्या की नर्स धावत आली.

त्यानंतरचं दुखणं कमी मजेचं होतं. पोट जागं होईना. घोटभर पाणी प्यायलं की उलटून पडायचं, म्हणून नाकातून नळी. जोड गळत होता, पोटातून बाहेर काढलेल्या नळीतून स्वादुपिंडाचा रस झिरपत होता. आमच्यानंतर आलेले तरुण पेशंट बॅगा भरून घरी गेले आणि सासूबाई तशाच. एकदा भिंतीकडे तोंड करून मला म्हणाल्या, "बबडीचं ऐकायला हवं होतं रे." मी पाय चेपत बसलो. शस्त्रक्रियेच्या डॉक्टर रोज येऊन नळीतलं पाणी बघत, पोटावर हात ठेवत आणि म्हणत, "थांबायचं. गळती कमी होतेय." व्यायाम घेणारी मुलगी मात्र थांबायला तयार नव्हती. ती रोज त्यांना उठवून व्हरांड्यात चालवायची, सलाइनच्या चाकाच्या स्टँडसकट.

त्या स्टँडचं एक चाक अडकायचं. एक दिवस सासूबाई मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "हा डावीकडे ओढतोय. ह्याचं अलाइनमेंट गेलंय." बायकोने मला तिथूनच फोन केला. "आई कुरकुर करायला लागली!" आमच्या घरात बरं वाटल्याची ह्याहून खात्रीची खूण नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत पोट चालू झालं, सूप पचलं, नळ्या एकेक करून निघाल्या.

तपासणीचा अहवाल आला. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, शेजारच्या एका ग्रंथीत मात्र आजार पोचला होता. नंतरची औषधं त्यांना झेपेल तशी, कमी मात्रेने दिली. त्यातही थकवा असा यायचा की जिना अर्धा चढून त्या पायरीवर बसायच्या. शेवटचे डोस डॉक्टरांशी बोलून सोडून दिले. साखर वाढली, तिच्या गोळ्या आल्या. जेवताना पाचक रसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, घासागणिक नाही तरी जेवणागणिक. एकदा लग्नाच्या पार्टीत विसरल्या, वर आइस्क्रीमही हाणलं, आणि पुढचे दोन तास त्या घरच्या बाथरूमबाहेर यजमानांची रांग लागली होती. आता कॅप्सूलची डबी गळ्यातल्या पाकिटात असते आणि त्या ती समोरच्याला न लाजता दाखवतात.

ताकद परत यायला वर्षभर लागलं. पूर्वीइतकी आलीच नाही. शिकवणं त्यांनी स्वतःहून सोडलं. "पाय ब्रेकवर वेळेत पोचत नाही," म्हणाल्या, आणि स्कूल माझ्या बायकोच्या हवाली केलं. दोन दिवस चिडचिड केली, मग गच्चीवर कुंड्यांचा पसारा मांडला.

गेल्या वर्षी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, एका पेशंटशी बोलाल का? एक्क्याऐंशीचे गृहस्थ, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, तसाच आजार, निर्णय होत नाहीये. मी गाडीने त्यांना घेऊन गेलो. वाटत होतं, ह्या त्यांना सरळ टेबलावरच चढवतील.

ट्रम्पेटवाले आजोबा बारीक अंगाचे, धाप लागणारे. हृदय दोनदा कुरकुरलं होतं. सून चहा ठेवून गेली. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. क्लच-ब्रेकही आणि भिंतीकडे तोंड केलेलंही. मग विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"मला?" आजोबा विचारात पडले. "मला सकाळी ह्या गॅलरीत बसून थोडं वाजवायचंय. जमेल तितके दिवस. मुलगा म्हणतो, ऑपरेशन करा."

"मग मुलाला सांगा तसं."

"पण तुम्ही तर केलंत."

"मी केलं, कारण मला रस्ता हवा होता. तुम्हाला गॅलरी हवीय. मी माझ्या बहिणीला पटवलं, तुम्ही मुलाला पटवा. नाही पटलं तर मला बोलवा, मी त्याला शिकवलंय. समांतर पार्किंगला तीनदा नापास झालाय, ऐकेल तो माझं."

आजोबांनी ऑपरेशन केलं नाही. नळी बसवली, थोडी औषधं घेतली. सासूबाई आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायच्या, मावशींना घेऊन. आजोबा दोन ओळी वाजवायचे, थांबून श्वास घ्यायचे, पुन्हा दोन ओळी. सासूबाईंना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. त्या चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवायच्या आणि आजोबा ट्रम्पेट खाली घेऊन म्हणायचे, "बाई, अजून संपलं नाहीये." थंडीच्या शेवटाला, आपल्याच पलंगावर, सगळी माणसं भोवती असताना ते गेले. सासूबाई दोन दिवस गच्चीवरच्या कुंड्या इकडच्या तिकडे करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "छान वाजवायचा हो माणूस. निदान सगळे तसं म्हणतात."

त्यांचे स्वतःचे स्कॅन अजून स्वच्छ येतात. पुढचा ह्याच महिन्यात आहे, आणि तो जवळ आला की बायकोची झोप उडते. सासूबाईंचीही उडत असावी, पण त्या सांगत नाहीत. ह्या वेळी त्यांनी फर्मान काढलंय, की स्कॅन झाला की तिथूनच सगळ्यांनी समुद्रावर जायचं, अहवालाची वाट न बघता. मी म्हणालो, "आई, लांब आहे हो, तुम्हाला झेपेल?"

"मला झेपेल. तू चालवणार आहेस, तेवढीच काळजी आहे. बबडीला मागे बसव, म्हणजे ओरडायला दोघी असू."